कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी, होबार्ट : भिंतींआडची फेरी

व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, ब्रिटिशांनी जहाजांनी पाठवलेल्या सुमारे साडेबारा हजार स्त्री-कैद्यांपैकी अनेकींना १८२८ ते १८५६ या काळात ज्या फीमेल फॅक्टरीत, म्हणजे स्त्री-कैद्यांना कामाला जुंपणाऱ्या तुरुंगात, डांबले गेले, तिथे आता मुख्यतः दगडी भिंतीच उभ्या असल्याने मार्गदर्शकाविना फेरी मारण्यात फारसा अर्थ नाही. जागा डोंगराच्या सावलीत, ओलसर. या स्त्रियांची इतकी तान्ही मुले इथे का दगावली, हे अंगावरच्या गारठ्यातून उमगते. समुद्रप्रवास समजून घ्यायचा तर १८४१ मध्ये ‘राजा’ जहाजावर या स्त्रियांनी ब्रिटिश तुरुंग-सुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने दिलेले कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी पाहायला हवी. ती मात्र कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे. स्वेटर सोबत ठेवावा.