पुस्तक की सिनेमा: हॅरी पॉटरचा जुलै २००७

जुलै २००७मध्ये हॅरी पॉटरच्या चाहत्यांची दुहेरी चंगळ झाली. अमेरिकेत ११ जुलैला पाचवा सिनेमा आला आणि २१ जुलैला सातवं, शेवटचं पुस्तक.

सिनेमाची उत्सुकता तशी निवांत. गोष्ट २००३मध्येच छापून आलेली. हॅरीचा पालक सिरियस ब्लॅक याचं काय होतं हे वाचकांना ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, की ब्रिटिश आवृत्तीतली ७६६ पानं १३८ मिनिटांत कोंबताना कात्री कुठे चालली? (क्विडिचवर, म्हणजे झाडूवर बसून खेळायच्या खेळावर. हॅरीचा मित्र रॉन, त्याचे सामने गेलेच.) इमेल्डा स्टॉन्टनची गुलाबी कपड्यांतली, गोडबोली, जुलमी शिक्षिका अम्ब्रिज मात्र पुस्तकाइतकीच डोक्यात जाते.

पुस्तकाचं तसं नव्हतं. हॅरी वाचतो की मरतो, हॅरीचा शिक्षक स्नेप नक्की कोणाच्या बाजूचा, काहीच माहीत नाही! मध्यरात्री दुकानांबाहेर रांगा, आणि शेवट कुणी फोडू नये म्हणून वाचून होईपर्यंत इंटरनेटकडे पाठ. एकट्या अमेरिकेत पहिल्या २४ तासांत ८३ लाख प्रती खपल्या.

सिनेमा चारचौघांत टाळ्या वाजवत बघता येतो, हे कबूल. तरी माझा कौल पुस्तकालाच. सिनेमे त्यानंतरही तीन आले. स्नेपचं कोडं पहिल्यांदा सुटण्याची रात्र एकच होती.