सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा : पाच महिन्यांच्या वापरानंतर

आमची मुलगी दहा महिन्यांची असताना सावंतवाडीच्या चितार आळीतील एका दुकानातून आम्ही लाकडी पांगुळगाडा विकत घेतला. आता ती पंधरा महिन्यांची आहे, कोणाचाही हात न धरता घरभर फिरते आणि गाडा एका कोपऱ्यात उभा आहे. ती चालू लागली हे गाड्याचे यश म्हणायचे का, असे मला दोन-तीन मैत्रिणींनी विचारले. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि तरीही हा गाडा घ्यावा असेच मी सांगते.

आधी वस्तूविषयी. हा जुन्या पद्धतीचा तीन चाकांचा गाडा आहे. तळाशी त्रिकोणी सांगाडा, पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या बाजूने वर आलेल्या दोन खांबांमध्ये धरण्यासाठी आडवी दांडी. दांडीची उंची जमिनीपासून साधारण सतरा इंच आहे. मूल उभे राहिले की दांडी त्याच्या छातीच्या किंचित खाली यावी, असे दुकानदाराने सांगितले होते. ते आमच्या मुलीच्या बाबतीत बरोबर जुळले. एकही खिळा बाहेर डोकावत नाही, सांध्यांना लाकडी खुंट्या आहेत, आणि कडा रंधा व पॉलिशपेपर मारून गोल केलेल्या आहेत. दुकानात लाल-पिवळ्या-हिरव्या रंगातले देखणे गाडे होते. मी मात्र बिनरंगाचा मागितला, कारण दात येण्याच्या दिवसांत मूल दांडी धरते त्यापेक्षा जास्त वेळ ती चावते. रंग लाखेचा आहे की डब्यातला ऑइलपेंट, हे डोळ्यांनी ओळखणे आपल्याला जमत नाही. ते स्पष्ट विचारून घ्यावे.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे बंधनकारक आहे, परंतु नोंदणीकृत हस्तकारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. त्यामुळे अशा गाड्यावर चिन्ह नसले म्हणून तो वाईट ठरत नाही. तपासणीचे काम तेवढे आपल्यावर येते. मी दुकानातच प्रत्येक कडेवरून तळहात फिरवला, चाके हलवून पाहिली आणि दांडीवर जोर देऊन सांधे करकरतात का ते ऐकले. घरी आल्यावर मागच्या डाव्या चाकाजवळ एक कुसळ सापडलेच. ते घासून काढावे लागले.

खरी खोट दुसऱ्या दिवशी समजली. आमच्या घरातली फरशी गुळगुळीत आहे आणि या गाड्याची चाके फारच मोकळी फिरतात. बसलेल्या मुलीने दांडी धरून उठण्याचा प्रयत्न केला की गाडा एक तर मागे, तिच्याच अंगावर कलायचा, नाही तर ती उभी राहून पुढे झुकताच सुसाट निघायचा आणि ती तोंडावर यायची. दोनदा असे झाल्यावर तिने गाड्याकडे पाठ फिरवली आणि जवळजवळ तीन आठवडे त्याला हात लावला नाही. दुकानदाराला फोन केला तेव्हा "अंगणात चालतो तो नीट, फरशीवर जपून" एवढेच उत्तर मिळाले. गाडा मुळात शेणाने सारवलेल्या अंगणासाठी आणि मातीसाठी घडवला गेला, हे खरे आहे. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला विकताना ते आधी सांगायला हवे होते. उपाय शेवटी सासूबाईंनी काढला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तिन्ही चाकांवर ताणून बसवल्या आणि पुढच्या चाकावरच्या फळीला दोन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधली. रबरामुळे वेग कमी झाला, खडखडाट थांबला (खालच्या मजल्यावरचे शेजारीही निवळले) आणि वजनामुळे गाड्याचे मागे कलणे बंद झाले.

त्यानंतर जे पाहिले त्यासाठी हा गाडा मला आवडला. मुलगी प्रथम गाड्याखाली शिरून चाके फिरवत बसली. मग गुडघ्यांवर राहून त्याला ढकलू लागली. उभी राहून ढकलायला आणखी दहा-बारा दिवस गेले. पुढचे चाक वळत नसल्यामुळे गाडा भिंतीला जाऊन थडकायचा आणि ती तिथेच उभी राहून रडायची. मी उठून गाडा वळवून द्यायचे. एके दिवशी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असताना रडणे सुरू झाले आणि आपोआप थांबले. डोकावून पाहिले तर ती दांडी सोडून, भिंतीला टेकून, एकेक पाऊल सरकवत गाड्याच्या पुढच्या बाजूला गेली होती आणि तांदळाच्या पिशवीला धरून त्याला मागे ओढत होती. मी मदतीला धावले असते, तर ती युक्ती तिला त्या दिवशी नक्कीच सापडली नसती.

याच काळात आमच्या आत्याबाईंनी प्रेमाने गोल प्लॅस्टिकचा, मध्ये बसवण्याचा वॉकर आणला होता. तो आम्ही वापरला नाही. त्यात मुलाचे वजन झोळी पेलते, तोल सांभाळण्याचे काम मुलाला उरत नाही, ते चवड्यांनी फरशी रेटते आणि समोरच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. शिवाय मूल एका क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम चहाच्या कपापर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तशीच बंदी मागत आली आहे. पांगुळगाड्याचा मुख्य फरक हाच, की तो मुलाला उचलून धरत नाही. मूल उभे राहिले तरच तो उपयोगी पडतो आणि मूल थांबले की तोही थांबतो, अर्थात चाकांवर रबर असेल तर.

घरातल्या मोठ्यांची घाई मात्र कोणताही गाडा थांबवू शकत नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला, त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण "अजून नाही?" असे विचारत असे. मीही काही दिवस तिचे दोन्ही हात वर धरून तिला चालवत होते. तसे धरल्यावर तिचे वजन माझ्या हातांवर येई आणि हात सोडताच ती बसे, हे लक्षात येऊनही मला थांबवत नव्हते. सासूबाई कुडाळच्या, त्यांनी तेल लावता लावता एवढेच म्हटले, "येळ येवंदे, चालतली ती." नंतर जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी माझ्या वाचनात आली. भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या त्या पाहणीत आधाराविना चालण्याचे वय सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आहे, आणि काही मुले तर गुडघ्यांवर न रांगताच चालू लागली आहेत. आमच्या डॉक्टरांनीही अठरा महिन्यांपर्यंत काळजी नको असे सांगितले. मात्र मूल सतत चवड्यांवरच उभे राहत असेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरत असेल, तर वाट न पाहता दाखवायला आणावे, असे बजावले.

आमच्या मुलीची पहिली सुटी पावले गाड्यासोबत पडलीच नाहीत. ती चौदा महिने पूर्ण करून दोन आठवडे झाले होते. दिवाण आणि कपाट यांमध्ये चारेक फुटांचे अंतर आहे. रोज ती दिवाणाला धरून टोकापर्यंत यायची, कपाटाकडे पाहायची आणि खाली बसून रांगत जायची. त्या संध्याकाळी ती बसली नाही. तीन पावले टाकली, चौथ्याला पडली, आणि उठून पुन्हा दिवाणाकडे परत गेली. न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि सतरा वेळा पडतात, असे आढळले होते. हे ठाऊक झाल्यापासून पडण्याच्या प्रत्येक आवाजाला 'अगं बाई' म्हणून धावणे मी बंद केले. घरात ती अनवाणीच असते. भेट आलेले चूंचूं वाजणारे बूट अजून डब्यातच आहेत.

साडेआठशे रुपयांत मिळालेल्या या वस्तूला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे वाटते. मजबुती आणि कारागिरीसाठी पूर्ण गुण आहेत. कापले ते चाकांचे आणि न दिलेल्या सूचनेचे. मूल लवकर चालावे म्हणून गाडा घेणार असाल तर पैसे वाचवा. ज्या घरात जिना किंवा उंबऱ्याबाहेर पायरी आहे, तिथे दाराला आडोसा केल्याशिवाय तो वापरू नये, आणि मूल गाड्याशी असताना कोणीतरी मोठे त्या खोलीत असावे. ज्यांच्या घरी मूल नुकतेच धरून उभे राहू लागले आहे आणि त्याला ढकलायला, ओढायला, उलटे करून चाके फिरवायला काहीतरी भक्कम हवे आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा.

आमचा गाडा पुढच्या महिन्यात नणंदेकडे जाणार आहे. सध्या त्यावर कांदे-बटाटे आणि एक कापडी ससा यांची वाहतूक चालते. रबरी पट्ट्या आणि तांदळाची पिशवीही सोबत पाठवणार आहे.