खुराड्याचं ऑटोमॅटिक दार: सकाळ मोकळी झाली, संध्याकाळ नाही

खुराड्याला लावायचं बॅटरीवरचं ऑटोमॅटिक दार आम्ही ऊन, पाऊस, थंडी सगळ्यात वापरून बघितलंय, त्यामुळे आता त्याबद्दल बोलायला हरकत नाही. माझं मत आधीच सांगते, हौसेनं कोंबड्या पाळत असाल आणि नोकरी किंवा घरची बाकी कामंही असतील तर जरूर घ्या. फक्त ते कुठलं काम करतं आणि कुठलं नाही हे नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत दाखवतात तसं दार लावलं आणि निवांत झोपलो असं ते नाहीये.

आमचं मॉडेल वर-खाली सरकणारं आहे, पत्रा ॲल्युमिनियमचा, आत छोटी मोटर आणि दार वर-खाली करणारा स्क्रू. हा स्क्रू महत्त्वाचा बरं का. दोरीवर लटकणारी दारं पण मिळतात पण ती खालून पंजा घालून उचलता येतात, स्क्रूवालं दार बाहेरून कितीही ढकललं तरी वर जात नाही. मुंगूस किंवा रानमांजर एकदा येऊन गेलं की परत परत येतं आणि दर वेळी नवीन फट शोधतं, तेव्हा इथे काटकसर नको.

सगळे म्हणतात याने सकाळची झोप मिळते. मिळते, पण मला ते आवडलं ते कोंबड्यांसाठी. कोंबड्या उजाडलं की लगेच झोपायच्या दांडीवरून उतरतात, आणि त्यानंतर आपण शेळ्यांचं पाणी, गव्हाण, धार हे सगळं उरकून त्यांच्याकडे पोचेपर्यंत त्या आत कोंडलेल्या असतात, मग टोचाटोची सुरू होते आणि कळपातली सगळ्यात दबलेली कोंबडी कोपऱ्यात मार खात बसते. आता दार वेळेवर उघडतं, ती बिचारी सगळ्यात आधी बाहेर पळते आणि मोकळ्या जागेत तिला कोणी गाठत नाही. तिच्या मानेवरची पिसं परत आलेली बघितली तेव्हाच माझे पैसे वसूल झाले.

दार उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर चालवायचं की टायमरवर, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. दिवस लहान-मोठा होतो तसा टायमर बदलत बसावा लागतो, सेन्सर ते आपोआप करतो. पण सेन्सर झाडाच्या दाट सावलीत बसवला तर दार सकाळी उशिरा उघडतं आणि संध्याकाळी लवकर पडतं, आणि अंगणातला दिवा त्याच्यावर पडत असेल तर रात्र झालीये हे त्याला कळतच नाही. आमचं सेटिंग उघडायला टायमर आणि बंद व्हायला सेन्सर असं आहे आणि हेच सगळ्यात बरं वाटतं. एक तर पहाटेच्या अर्धवट उजेडात शिकारी प्राणी अजून फिरत असतात, त्या वेळी दार नको उघडायला. दुसरं म्हणजे कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळात घालतात, म्हणून फार पहाटे सोडलं नाही तर झुडपात अंडी शोधत हिंडावं लागत नाही. बदकं तर आणखी लवकर घालतात, पहाटे किंवा अगदी सकाळी, म्हणून त्यांचं दार आम्ही थोडं उशिराच ठेवतो.

आणि बदकांचं सांगायलाच हवं. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही त्यामुळे तिन्हीसांजेला ती आपणहून आत जाऊन दांडीवर बसते, हे दार त्याच सवयीवर चालतं. बदकांना ही सवय नाही, त्यांना अंधारातही हुंदडायचं असतं, हाकून आत घालावं लागतं. नुसती बदकंच असतील तर या दाराचा अर्धाच उपयोग. गिनी फाउल, म्हणजे ठिपकेदार पिसांच्या गिनी कोंबड्या, पाळणाऱ्यांनाही तेच, ती जाऊन झाडावर बसतात. नवीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या तरी आधी आठवडाभर आतच ठेवा, हेच आपलं घर हे त्यांच्या डोक्यात बसलं की मग संध्याकाळी त्या स्वतः येतात.

म्हणूनच संध्याकाळची मोजणी सुटत नाही. दार बंद झालं एवढंच यंत्राला कळतं, आत किती आहेत हे कळत नाही. एखादी पायरीखाली खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली असते, एखादी कुंपणापलीकडे अडकलेली असते, आणि तिच्यासाठी बंद दार म्हणजे रात्रभर उघड्यावर. टॉर्च घेऊन जायचं, दांडीवरची डोकी मोजायची, हे आमच्याकडे रोज होतं, पाहुणे असले तरी होतं. मोजताना हात फिरवला की कोणाचं पोट रिकामं, कोण लंगडतंय हेही कळतं, त्यामुळे ते काम मला सोडायचंही नाहीये.

दार कितीही भारी घ्या, भिंती कच्च्या असतील तर उपयोग शून्य. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबड्या आत ठेवते, शिकारी बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा आणि खाली साधारण फूटभर जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून दगड ठेवा, म्हणजे उकरणारं जनावर तिथेच अडतं. हवेसाठी वर झरोके मात्र ठेवा, त्यांनाही हीच जाळी, कारण विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि बंद हवेत कोंबड्यांना श्वासाचा त्रास होतो.

मध्ये काही आलं की दार थांबून परत वर जातं, पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितलं तर बरोबर थांबलं. पण लहान पिल्लं फार हलकी असतात, त्यांच्या बाबतीत मी या अडथळा ओळखण्याच्या सोयीवर विश्वास ठेवणार नाही, पिल्लं असेपर्यंत दार हातानेच लावते.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो खालच्या खाचेसाठी. तिच्यात खुराड्यात अंथरलेलं तूस आणि माती भरते, दार टेकत नाही, मोटरला वाटतं काहीतरी मध्ये आलंय आणि ते परत उघडून तसंच राहतं, तेही ना आवाज ना दिवा. म्हणजे नेमकं ज्या रात्री बंद व्हायला हवं त्या रात्री उघडं. कंपनीने तिथे साधा बझर तरी द्यायला हवा होता. आम्ही खुराड्याची जमीन दारापाशी विटेएवढी खाली घेतली, खाच रोज जुन्या ब्रशने झाडतो, आणि सेल कमी झाल्याची खूण दिसायची वाट न बघता थंडी सुरू व्हायच्या आधीच बदलतो, कारण गारठ्यात साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात.