दुसऱ्या संघाचं घर म्हणून नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम

सामना बघायला हे मैदान उत्तमच. पंचावन्न हजारांच्या आसपास क्षमता, आणि छताला प्रेक्षकांत खांबच नाहीत, त्यामुळे स्वस्तातलं तिकीट काढलं तरी मध्ये काही आड येत नाही. पण मुंबईत एक संघ असताना इथे दुसरा व्यावसायिक संघ बसवायचा, तर मैदान हा प्रश्नच नाही. प्रश्न हद्दीचा आहे.

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, हा हिशेब लिहूनच ठेवलाय: शहराच्या हद्दीपासून 50 मैल, म्हणजे साधारण 80 किलोमीटर, हा जुन्या संघाचा हक्काचा भाग. त्यात घुसायचं तर भरपाई. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या आयलँडर्स या नव्या संघाने प्रवेश फीशिवाय तिथल्याच जुन्या रेंजर्सना 40 लाख डॉलर मोजले. 1993 मध्ये लॉस एंजेलिसशेजारच्या अ‍ॅनाहाइमच्या 5 कोटी डॉलर फीमधली निम्मी रक्कम लॉस एंजेलिस किंग्जना गेली. कॅनडातलं हॅमिल्टन तर टोरंटो आणि बफेलो दोघांच्याही परिघात सापडतं. 2009 मध्ये फिनिक्सचा संघ तिथे हलवण्याचा डाव दिवाळखोरी न्यायालयात फसला, आणि हॅमिल्टनला अजून एनएचएलचा संघ नाही.

हीच पट्टी लावली तर ठाणे, पनवेल, बदलापूर सगळं मुंबईच्या पोटात जातं. वानखेडे ते नेरूळ सरळ रेषेत जेमतेम 24 किलोमीटर.

तरी दुसरा संघ इथे एकदा नांदून गेलाय. 2011 मध्ये पुण्याजवळचं गहुंजेचं मैदान तयार नव्हतं म्हणून आयपीएलच्या पुणे वॉरियर्सचं घर नेरूळ. नाव पुण्याचं, मैदान नव्या मुंबईचं, आणि वाशी-खारघरचा प्रेक्षक आधीच मुंबई इंडियन्सचा! असा संघ कुणाचाच होत नाही. सामन्यांचा भार मात्र मैदान सहज पेलतं: 2022 च्या आयपीएलमध्ये साखळीचे 20 सामने एकट्या नेरूळला झाले. 2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाची अंतिम लढतही इथेच झाली. अर्थात ती गर्दी भारतासाठी आली होती, हे गुंतवणूकदाराने विसरू नये.

फुटबॉलसाठी गुण कापावे लागतात. फुटबॉलचं मैदान 68 मीटर रुंद, क्रिकेटची सीमारेषा मध्यापासून साधारण 70 मीटरवर. म्हणजे बाजूच्या रेषेपासून पहिली रांग 36 मीटर तरी लांब. मुंबई सिटी या फुटबॉल संघाने 2014 आणि 2015 चे हंगाम इथे काढले आणि मग अंधेरी गाठली. बास्केटबॉलच्या मापाने बांधलेल्या न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सभागृहात आयलँडर्सचं असंच झालं: गुणफलक रिंकच्या मध्यावर नाही, काही खुर्च्यांवरून एक गोलपोस्ट दिसतच नाही.

ग्राहक कोण, हे लोकल सांगते. ठाणे, ऐरोली, घणसोलीकडून पनवेल किंवा नेरूळ गाडी धरली की थेट नेरूळ. वाशी गाडीत बसलात तर ती तुर्भ्यानंतर वाट बदलते. बोरिवलीकराला चर्चगेट सरळ पडतं, नेरूळला गाडी बदलावी लागते, तो येणार नाही. सामना सुटल्यावर मात्र सगळे एकदम नेरूळ स्टेशनावर आणि गाड्या सायन-पनवेल रस्त्यावर. तिथे तासभर धरून चाला.

करार करताना तारखांचा अग्रक्रम, फलकांची जागा, पार्किंग आणि खाण्याच्या स्टॉलचं उत्पन्न हे वेगवेगळं लिहून घ्या. जागा खासगी मालकीची आहे, संघ भाडेकरूच राहणार. आणि नावात नुसतं ‘मुंबई’ नको. ‘ठाणे’ किंवा ‘नवी मुंबई’ घेतलं तर भरपाईची घासाघीस करायला निदान जागा राहते.

क्रिकेटसाठी पाचात चार, फुटबॉलसाठी अडीच.