एलएस व्ही-एट आणि ट्रान्सअ‍ॅक्सल: अडॅप्टर किट घेण्याआधी काय पाहायचं

हाताने घडवलेल्या मिड-इंजिन गाड्यांत शेव्हीचं एलएस व्ही-एट आणि त्यामागे ऑडीचा ०१ई, रेनोचा यूएन१ किंवा पोर्शचा जी५० हा ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच केसमध्ये) ही जोडी नेहमीची. त्यांना एकमेकांशी जोडणारी अडॅप्टर किट खोक्यातून काढली की एकसारखीच दिसतात: अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट, पिशवीभर बोल्ट, एक छापील कागद. पण यातलं एक किट वर्षानुवर्षं निमूट काम करतं आणि दुसरं गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग खाऊन टाकतं. हा फरक प्लेटच्या चकाकीवरून कळत नाही. फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चक्र), पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात शाफ्टला आधार देणारं) आणि डाऊल पिना (दोन भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या) पाहिल्या की कळतो. नुसती प्लेट आणि बोल्ट विकणाऱ्याला आमच्या मते किट म्हणूच नये.

आधी गिअरबॉक्सची दिशा. ऑडी ०१ई आणि यूएन१ हे मुळात अशा गाड्यांसाठी बनले जिथे इंजिन ॲक्सलच्या पुढे आणि गिअर ॲक्सलच्या मागे असतात. मिड-इंजिन गाडीतही हाच क्रम येतो, त्यामुळे चाकं योग्य दिशेला फिरतात. पोर्श ९११ मध्ये इंजिन ॲक्सलच्या मागे असतं. तिचा गिअरबॉक्स उलटा वळवून इंजिनामागे लावला की एक गिअर पुढचा आणि बाकी सगळे रिव्हर्सचे! पोर्शच्या ९१५ गिअरबॉक्समध्ये क्राउन (डिफरन्शियलचं मोठं दातेरी चक्र) दुसऱ्या बाजूला बसवून हे सुटतं. जी५० बहुतेक वेळा खालचा वर करून लावतात, आणि मग ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) व तेलाच्या पातळीचा वेगळा विचार करावा लागतो. क्वाट्रोमधून काढलेल्या ०१ईचं मधलं डिफरन्शियल बाद करून मागचं तोंड बंद करावं लागतं. यातलं काहीही अडॅप्टर किटमध्ये येत नाही, हिशेब वेगळा धरा.

आता मुख्य मुद्दा, केंद्र जुळणं. क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं केंद्र एकाच रेषेत हवं. बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) सुटं असेल तर काम सोपं: क्रँकवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावायचा, हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवरून एक फेरी फिरवायची आणि काट्याने एकूण ०.१३ मि.मी.पेक्षा जास्त फरक दाखवला तर दुरुस्ती करायची. ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये बेल हाउसिंग केसचाच भाग असतं. गिअरबॉक्स चढवल्यावर आत गेज घालायला जागाच उरत नाही. म्हणून इथे मोजणी दोन टप्प्यांत करावी लागते आणि त्यासाठी प्लेटमध्ये एक गोष्ट असावीच लागते: डाऊलची भोकं ज्या सेटिंगमध्ये पाडली त्याच सेटिंगमध्ये बोअर केलेलं, गुळगुळीत, अगदी गोल मधलं भोक. प्लेट एकटी ब्लॉकवर बसवा आणि क्रँकवरच्या गेजने हे भोक तपासा. गिअरबॉक्स उघडलेला असेल तेव्हा प्लेट रिकाम्या केसवर बसवा आणि इनपुट बेअरिंगच्या जागेत मँड्रेल (अचूक गोल दांडा) घालून तेच भोक पुन्हा तपासा. मधलं भोक प्लाझ्माने कापून खडबडीत सोडलेलं असेल तर मोजणार कशावर? अशी प्लेट स्वस्त असली तरी परत पाठवावी.

गेजवर दिसणारा आकडा हा केंद्राच्या चुकीच्या दुप्पट असतो, हे विसरून पुष्कळ जण डाऊल चुकीची मागवतात. गेजवर ०.३६ आलं तर केंद्र ०.१८ ने सरकलंय, म्हणजे ०.१८ ची ऑफसेट डाऊल (दोन टोकांची केंद्रं तेवढी सरकवलेली पिन) लागेल. या साधारणपणे ०.१८, ०.३६ आणि ०.५३ मि.मी. अशा टप्प्यांत मिळतात. मापाआधी दोन्ही पृष्ठभागांवरचा रंग, जुनं सीलंट आणि बर (कडेवरचे धातूचे कंगोरे) काढून टाका. काही प्लेटांना सगळीकडे पावडर कोटिंग केलेलं असतं. दिसायला छान, पण टेकणाऱ्या पृष्ठभागावर ते नकोच; थर सगळीकडे सारखा नसतो आणि आवळल्यावर दबतो. बोल्ट केंद्र जुळवत नाहीत, बोल्ट फक्त धरून ठेवतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना डाऊल नसलेली प्लेट विचारातसुद्धा घेऊ नका. केंद्र चुकलं तर क्लच थरथरतो, क्लच प्लेटच्या हबच्या स्प्रिंगा तुटतात, पायलट बेअरिंग भुगा होतं आणि ताण आला की गिअर आपोआप सुटतो. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सवर जातो आणि तो विनाकारण उघडला जातो.

दुसरा मुद्दा खोलीचा. एलएसच्या क्रँकची मागची फ्लँज (फ्लायव्हील बसतं ती चकती) शेव्हीच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-एटपेक्षा १०.१६ मि.मी. आत असते. जुन्या इंजिनासाठीचं फ्लायव्हील तसंच लावलं तर क्लच तेवढाच पुढे राहतो. मग तितक्याच जाडीचा स्पेसर आणि लांब बोल्ट लागतात. १९९९-२००० च्या काही ६.० लिटर एलक्यू४ इंजिनांत मात्र फ्लँज लांबच असते. एलएसए आणि एलएस९ चं तर भोकांचं गणितच वेगळं: नेहमीच्या ६ ऐवजी अनुक्रमे ८ आणि ९ बोल्ट. इंजिनाचा कोड न विचारता किट पाठवणारा विक्रेता दिसला की सावध व्हावं. एलएसचं मूळ १६८ दातांचं फ्लायव्हील ऑडीच्या बेल हाउसिंगमध्ये मावत नाही, म्हणून किटसोबत खास फ्लायव्हील हवं. ते स्टीलचं आणि एसएफआय १.१ (शर्यतीच्या सुट्या भागांचं सुरक्षा मानक) प्रमाणित असावं. फोर्डच्या ३०२ व्ही-एटसाठी किट घेताना बॅलन्सही विचारा: १९८० पर्यंतच्या इंजिनांना २८ औंस-इंच, १९८१ पासूनच्यांना ५०. अदलाबदल झाली तर इंजिन अंगभर थरथरतं.

क्लच चढवल्यावर दोन मापं घ्या. अडॅप्टर प्लेटच्या मागच्या पृष्ठभागापासून क्लचच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांची टोकं किती बाहेर येतात ते एक. बेल हाउसिंगच्या तोंडापासून पूर्ण मागे दाबलेलं रिलीज बेअरिंग (ही बोटं दाबून क्लच सोडवणारं) किती आत आहे ते दुसरं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. शाफ्टभोवती बसणाऱ्या हायड्रॉलिक बेअरिंगला साधारण ३ ते ५ मि.मी. मोकळीक लागते. समजा पहिलं ७१.९ आणि दुसरं ७८.४ आलं तर मोकळीक ६.५, बेअरिंगमागे २.५ ची शिम (पातळ चकती) घातली की ४ वर येते. मोकळीक कमी राहिली तर क्लच घसरत घसरत जळतो. जास्त राहिली तर पिस्टन प्रमाणाबाहेर पुढे येतं आणि सीलमधून तेल झिरपतं. क्लच प्लेट झिजत जाते तशी बोटं बेअरिंगकडे सरकतात, म्हणून नव्या क्लचवर ३ च्या खाली जाऊ नये.

क्लच प्लेटच्या हबचे दात गिअरबॉक्सच्या शाफ्टचे आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची, असा मिश्र क्लच लागतो. चांगला विक्रेता तो संच म्हणूनच देतो. स्टार्टर कोणत्या बाजूला येतो तेही आधी विचारा. पिनियन आणि रिंग गिअर यांच्या दातांत ०.५ ते ०.९ मि.मी. खेळ ठेवा.

बोल्टांबाबत किटच्या कागदांवर फार कमी लिहिलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये एम१० बोल्टला १५ ते २० मि.मी. आटे धरायला हवेत. १२ मि.मी.च्या प्लेटमध्ये थेट आटे पाडलेले असतील तर दोनतीनदा काढघाल केली की ते निघून येतात. तिथे स्टीलचे इन्सर्ट असायला हवेत. ब्लॉकचे एम१० बोल्ट ५० न्यूटन-मीटर. फ्लायव्हीलचे एम११ बोल्ट नवेच घ्या आणि तीन फेऱ्यांत आवळा: २०, ५०, १००.

चढवण्यापूर्वी शाफ्टच्या टोकाला मऊ मातीची गोळी लावा, एकदा जोडून पुन्हा सोडा. दबलेल्या मातीची जाडी ३ मि.मी.पेक्षा कमी असेल तर टोक क्रँकच्या भोकात टेकायच्या बेतात आहे. शेवटची चढवणी हाताने व्हायला हवी, दोन्ही तोंडं बोल्टांशिवाय मिळायला हवीत. २-३ मि.मी. फट उरली तर ती बोल्ट आवळून बंद करू नका. केसचे कान तुटतात किंवा क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर कायमचा दाब बसतो. क्रँकचा पुढे-मागे खेळ जोडण्याआधी मोजून ठेवा आणि जोडल्यावर परत मोजा. तो कमी झालेला दिसला तर शाफ्ट क्रँकला ढकलतोय, गिअरबॉक्स उतरवा.