विहीर खणावी की बोअर मारावा?

मेहुण्यांची जमीन दोन जागी आहे: एक तुकडा पारनेरच्या माळावर, दुसरा वेंगुर्ल्याला समुद्रालगत. दोन्हीकडे पाणी हवंय.

खर्चात बोअर सरस. दिवसभरात काम होतं. विहिरीला महिने लागतात, पैसाही जास्त.

टिकण्याचं गणित मात्र वेगळं. पारनेरच्या काळ्या कातळात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. विहीर चहूबाजूंचे झरे गोळा करते, रात्रीतून सावरते. बोअरला भेग लागली नाही तर नुसती धूळ उडते. 1972च्या दुष्काळानंतर बोअर वाढले, जो तो आणखी खोल गेला आणि शेजारच्या विहिरी आटल्या. याचं फार वाईट वाटतं.

वेंगुर्ल्याला वाळूतलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण 40 मीटर. म्हणजे पातळी मीटरभर उतरली की खालचं खारं पाणी साधारण 40 मीटर वर चढू पाहतं. एकदा मचूळ झालेली विहीर गोडी व्हायला वर्षं जातात.

म्हणून किनाऱ्यावर उथळ विहीर आणि बेताचा उपसा; खोल बोअर नकोच. माळावर शेतीला विहीर, घरच्या पिण्यापुरता बोअर चालेल, पण छपराचं पाणी जिरवूनच. उसासाठी बोअर मारायचा असेल, तर आधी पीक बदला.