पक्ष्यांच्या फोटोसाठी जुनी लेन्स घेतली आणि कशी फसले, घेण्याआधी प्लीज वाचा

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी विचारलं की पक्ष्यांसाठी सेकंडहँड १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेऊ का, म्हणून आता लिहितेच. घ्या, पण आधी हे वाचा.

मी दीड वर्षं ३०० मिमीच्या झूमवर फोटो काढत होते (मिमीचा आकडा जितका मोठा, तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो). पाणथळीवर जाणाऱ्यांना सांगायला नको, काठावरून ३०० मध्ये शेकाट्या म्हणजे दोन लाल काड्यांवर एक पांढरा ठिपका, आणि छोटा खंड्या तर पक्षीच १६-१७ सेंटिमीटरचा, तो फ्रेममध्ये शोधावा लागतो. मग क्रॉप करायचं, म्हणजे कडा कापून पक्षी मोठा करायचा, आणि क्रॉप केलं की पिसांचे तपशील जातात. ६०० मिमीची हाव तिथूनच सुरू होते, माझीही झाली.

एका सकाळी तळ्यावर एक गृहस्थ भेटले. वयाने मोठे, बोलायला फार चांगले, आवाजावरून पक्षी ओळखायचे, बुडी मारलेली टिबुकली (छोटा पाणपक्षी) कुठे वर येणार ते आधी सांगायचे. तीन-चार वेळा भेट झाली. घरट्याच्या जवळ जाऊ नका म्हणून एकदा त्यांनी मुलांना दटावलं होतं, ते बघून माझा त्यांच्यावर विश्वासच बसला. इथेच चुकलं माझं. पक्ष्यांवर प्रेम करणारा माणूस व्यवहारातही सरळच असणार असं मी मनात धरून चालले, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसतो हे मला फार उशिरा कळलं.

एक दिवस तेच म्हणाले, ताई, माझी १५०-६०० विकायची आहे, मनगटाला आता वजन झेपत नाही. फोनवर सात-आठ फोटो पाठवले, एकेक पीस मोजून घ्यावं असे. लेन्स बघायची वेळ त्यांनीच ठरवली, तळ्यावरच, उजाडता उजाडता. तेव्हा वाटलं पक्षी बघायलाच तर जातोय. आज कळतं की त्या उजेडात लेन्सच्या आतली काच तुम्हाला दिसूच शकत नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीला लावून त्यांनी मला समोरच्याच एका बगळ्याचे फोटो काढायला लावले, झूम ४०० च्या आसपास, पक्षी बरोबर मधोमध, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं कसं कडक. काही अडचण वाटली तर आठ दिवसांत परत घेईन असंही म्हणाले. मी तिथेच पैसे दिले, कागदावर काहीच नाही.

पहिल्याच रविवारी फोटो मऊ आले. मऊ म्हणजे हललेले नाहीत, फोकस पूर्ण गेलाय असंही नाही, नुसते बोथट, डोळ्यातली चमक पसरलेली. मी फोटो पाठवले तर उत्तर आलं, ताई शटर स्पीड वाढवा, ६०० ला हातात धरून १/५०० सेकंद चालत नाही. आता हे खरंच आहे ना. मी १/२००० केला, उजेड कमी पडू नये म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवला. तरी तेच. मग म्हणाले पाण्यावरची हवा आहे, ऊन वर आलं की गरम-थंड हवेचे थर हलतात आणि लांबचा पक्षी थरथरतो, कुठलीच लेन्स त्याला काही करू शकत नाही. हेही खरं आहे! मग मी सूर्य उगवायच्या आत जाऊ लागले. मग म्हणाले स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय, ट्रायपॉडवर बंद ठेवून बघा. मग म्हणाले अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, थोडं लहान करून एफ ८ वर काढा, पूर्ण उघडं म्हणजे ६.३ ला सगळ्याच झूम थोड्या मऊ असतात. आठ दिवस कधीच संपले होते.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. पक्ष्याचा फोटो बिघडायला इतकी खरी कारणं असतात, अंतर, हवा, हात, पक्ष्याची हालचाल, फोकस डोळ्याऐवजी पुढच्या बोरूवर बसणं, की खराब लेन्स त्या गर्दीत आरामात लपून जाते. आणि समोरचा त्यातली एकेक कारणं पुरवत राहतो, आपण दर रविवारी स्वतःलाच दोष देत नवीन काहीतरी करून बघतो. मी चार महिने हेच केलं. त्याच काळात तळ्यावर टिबुकलीची पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरत होती, पट्टेरी तोंडं पंखांतून बाहेर काढून. ते दिवस फार थोडे असतात, पिल्लं भराभर वाढतात. माझ्याकडे त्यांचे जवळजवळ ४०० फोटो आहेत आणि एकातही डोळा नीट नाही. पैशांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं, अजूनही.

उलगडा झाला तो एका राखी बगळ्यामुळे. ढगाळ दिवस, वारा नाही, बगळा अर्धा तास जागचा हलला नाही. ट्रायपॉड, टायमर, सगळं नीट. तो फ्रेममध्ये उजवीकडे होता तेव्हा मऊ, मी कॅमेरा थोडा फिरवून त्याला डावीकडे घेतलं आणि पुन्हा फोकस केला तर बऱ्यापैकी स्वच्छ! तोच पक्षी, तेच अंतर, तीच हवा. शेजारच्या मैत्रिणीची लेन्स माझ्याच बॉडीला लावली, दोन्ही बाजू सारख्या. घरी येऊन विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर ठेवून फोटो काढला, ६०० ला उजवी बाजू पूर्ण विरघळलेली, ४०० ला जरा कमी, आणि मधला भाग ठीकठाक. म्हणजे त्या सकाळी ४०० वर आणि मधोमधच का काढायला लावलं ते समजलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. आतलं एक एलिमेंट, म्हणजे आतली एक काच, जागेवरून सरकलेलं, आणि पुढच्या काचेच्या आत कडेला फंगस, म्हणजे बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, काचेवरच्या कोटिंगपर्यंत खाल्लेलं. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कडीच्या, स्क्रूंची डोकी घासलेली, म्हणजे कोणीतरी आधी उघडली होती. आणि मग त्यांनी सिरीयल नंबर टाकला. मी घ्यायच्या दोन महिने आधी हीच लेन्स पडल्यामुळे तिथे आली होती, खर्च सांगितल्यावर मालकाने दुरुस्ती न करता परत नेली होती. मालकाचं नाव त्यांनी सांगितलं नाही, ते बरोबरच आहे, पण विकताना त्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं की पहिल्यापासून ही माझ्याकडेच आहे.

मी फोन केला. आधी म्हणाले तुमच्याकडूनच पडली असेल. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीचं सांगितल्यावर फोन ठेवला आणि त्यानंतर उचललाच नाही. ते सुंदर फोटोसुद्धा त्या लेन्सचे नव्हते. फोनवरून आलेल्या फोटोंत एक्झिफ, म्हणजे कॅमेरा-लेन्सची फाइलमधली नोंद, बहुतेक वेळा उडालेलं असतं, पण त्यातला एक त्यांनी दुसरीकडे मूळ फाइलसकट टाकला होता, त्यात लेन्स वेगळीच निघाली, फिक्स (झूम नसलेली) ५०० मिमीची.

तर घेताना काय बघायचं. भर उजेडात भेटा आणि खिशात छोटा टॉर्च ठेवा, दोन्ही टोकांनी तिरका प्रकाश टाकून आत बघा, अॅपर्चर पूर्ण उघडं असू दे. थोडी धूळ चालते, धागे किंवा दुधाळ पडदा चालत नाही. सगळ्यात लांब झूमवर आणि सगळ्यात मोठ्या अॅपर्चरवर काढा, कारण दोष तिथेच उघडे पडतात. लांबची एकच वस्तू, खांब म्हणा, पाटी म्हणा, आळीपाळीने चारही कोपऱ्यांत घेऊन प्रत्येक वेळी तिथेच फोकस करून फोटो काढा, पक्ष्यावर टेस्ट करूच नका. फाइल लॅपटॉपवर पूर्ण मोठी करून बघेपर्यंत पैसे देऊ नका. लेन्स हलवल्यावर आत खट आवाज आला तर घाबरू नका, स्टॅबिलायझेशनवाल्या काही लेन्समध्ये तो असतोच, पण चालू असताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उड्या मारत असेल तर सोडून द्या. सिरीयल नंबर आधी मागून सर्व्हिस सेंटरला विचारा, निदान पूर्वी पडून आली होती का एवढं तरी कळू शकतं. आणि परतीची बोली असेल तर ती लिहून घ्या, मेसेजमध्ये का होईना.

दुरुस्तीचा खर्च जवळजवळ मी दिलेल्या किमतीइतका आहे, त्यामुळे सध्या तशीच ठेवलीय. एकजण म्हणाला तूपण कोणालातरी विकून टाक, कोणाला कळणार आहे. मी डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय, एलिमेंट सरकलेलं, फंगस आहे, विकायची नाही. रविवारी परत ३०० घेऊन जाते, आणि बोरूंच्या मागे एका जागी बसून राहते, खंड्या जवळ येईपर्यंत.